आण्णांनी कॉम्प्युटर धुतला

पहिल्या नोकरीसाठी मी जी थाप मारली ती इतकी मोठी होती की शाळेच्या दारातून आत घेताना तिला तिरकी करावी लागली. संस्थेच्या कार्यवाह साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कॉम्प्युटर येतो का?" आणि मी म्हणाले, "येतो की." तोवर मी कॉम्प्युटर एकदाच बघितला होता, एका कॉलेजच्या प्रदर्शनात, तोही चाळीस डोक्यांच्या मागून. त्यातला निम्मा वेळ पुढं उभ्या असलेल्या एका पैलवानाची मान बघण्यातच गेला होता. पण डी.एड. होऊन वर्ष उलटलं होतं, वय एकोणीस, आणि कागलपासून पेठ वडगावपर्यंत अशी एक शाळा उरली नव्हती जिच्या शिपायानं मला पाणी पाजून परत पाठवलं नव्हतं. या शाळेतसुद्धा खरं म्हणजे जागा नव्हती. जागा निघाली ती साहेबांच्या परदेशातल्या पुतण्यामुळं. त्यानं काकांना एक लहानसा घरगुती कॉम्प्युटर पाठवला होता. काकांच्या मनात आलं की तो आपल्या प्राथमिक शाळेतल्या चौथीच्या पोरांना शिकवावा, उद्याच्या जगात ज्याला हे येणार नाही तो अंगठेबहाद्दर. म्हणून मला घेतलं, तात्पुरतं. दसऱ्यानंतर समिती येऊन बघणार होती. पोरांनी स्वतःच्या हातानं मशीनकडून काही करून घेतलं तर मशीन राहणार, तास राहणार आणि मीही राहणार. नाहीतर मशीन संस्थेच्या हायस्कूलला जाणार, आणि मी घरी.

मशीन म्हणजे पाटीएवढं काळं खोकं. वर करड्या रबराची चाळीस बटणं, लहान पोराच्या दुधाच्या दातांसारखी मऊ आणि हलणारी. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्हीला जोडावं लागे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, घरचा टीव्ही दिला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो गोधडीत गुंडाळून, शिपायाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून नवरीसारखा शाळेत यायचा, आणि मी मागून करवलीसारखी हात लावून चालायची. मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मी ते पोरांच्या बरोबर एक पान पुढं राहून वाचत असे. कधीकधी तर अर्धं पान.

चौथी ब मध्ये सेहेचाळीस पोरं. गुळाच्या बाजारातल्या हमालांची, विटा पाडणाऱ्यांची, कल्हईवाल्यांची. इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळं अक्षरं कुणालाच येत नव्हती. आम्ही अक्षरांना नावं ठेवली. एक काठीला बांधलेला फुगा, एक मोडकी खुर्ची, एक साप. मशीनची एक सोय होती, एक बटण दाबलं की अख्खा हुकूम पडद्यावर उमटायचा. फुगा दाबला की 'प्रिंट'. पहिल्या दिवशी कल्हईवाल्याच्या शबानानं फुगा दाबला, एक आकडा दाबला आणि मशीननं तो आकडा पडद्यावर लिहून दाखवला. वर्गात एवढी शांतता पसरली की बाहेरच्या शेळीचं रवंथ करणं ऐकू आलं. मग शबाना म्हणाली, "बाई, हे आपलं ऐकतंय की!"

"ऐकतंय म्हणजे?"

"म्हंजे आपन सांगितलं, त्यानं केलं. घरात माझं कोन ऐकत न्हाय. आब्बा न्हाय, भाऊ न्हाय, शेळीसुदिक न्हाय."

आता एवढी वर्षं शिकवून झाल्यावर, निवृत्तीचा नारळ घरात ठेवून ठेवून वाळून गेल्यावर, मला वाटतं की मी पुढं ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा त्या पोरीला ते जास्त कळलं होतं. वाचता आलं की दुसऱ्यानं लिहिलेलं समजतं. लिहिता आलं की आपलं दुसऱ्याला सांगता येतं. पण आपण लिहावं आणि ते जसंच्या तसं घडावं, हा मान तोवर फक्त मामलेदारांना होता. तीन महिन्यांत चौथी ब मामलेदार झाली. चूक झाली की मशीन अडून बसायचं आणि पोरं त्याला न रागावता स्वतःची ओळ तपासायची. मी हे बघत होते आणि रात्री अंथरुणात देवाला म्हणत होते, माझी थाप उघडी पडू दे, हवं तर माझं लग्न गगनबावड्याच्या पावसात होऊ दे, पण हा तास काढून घेऊ नको.

आमचं घर उद्यमनगरात, आण्णांच्या वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत. वर्कशॉप म्हणजे धातू कातायचा एक लेथ, एक ड्रिल आणि आण्णा. इंजिनांचे बुश आणि शाफ्ट बनवायचे. गल्लीभर तोच कारभार, कुठं ओतकाम, कुठं घासकाम, आणि कोपऱ्यावर नवं इंजिन टेस्टला लावलं की ठकठकठक असा ठेका दिवसभर. आईला शाळा ठाऊक नव्हती, पण लेथच्या आवाजावरून ती सांगायची की आता पितळ चाललंय का बिडाचं ओतीव लोखंड, आण्णा खुशीत आहेत का कुणी माल परत पाठवलाय. त्या आवाजावर ती भाकरी टाकायची. लेथ बंद पडला आणि आण्णा हात धुऊन पाटावर बसले की तव्यावरची शेवटची भाकरी फुगलेली असायची, त्यावर लसणाची चटणी आणि तेलाची धार. आमच्या घरात कुणाला रक्त कमी पडलं नाही. हवेतूनच इतकं लोखंड पोटात जायचं की पावसाळ्यात आम्ही थोडे गंजायचो.

आण्णांनी माझ्या कॉम्प्युटरला कधी मान दिला नाही. "त्यात एक चाक न्हाय, एक पट्टा न्हाय. मशीन म्हनायचं कशाला?" एवढंच त्यांचं मत. मशीन ते, जे उघडता येतं, धुता येतं, तेल पाजता येतं. आणि त्यांच्या लेखी मशीनचा खरा दिवस एकच, खंडेनवमी. आदल्या दोन दिवसांत आमच्या गल्लीतलं प्रत्येक हत्यार उघडून रॉकेलात बुडवलं जाई, कापसाच्या बोळ्यांनी पुसलं जाई, सांध्यासांध्यात तेलाचे थेंब सोडले जात. मग हळदकुंकू, झेंडू, नारळ आणि पुरणाचा नैवेद्य. त्यानंतर दसरा उलटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. हातोडीपासून माझ्या कंपासपेटीतल्या कर्कटकापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. आता माझ्या दोन्ही गुडघ्यांत स्टीलचे सांधे आहेत. आण्णा असते तर त्यांनी मलाही वर्षातून एकदा उघडली असती.

त्या वर्षी सुट्टीत शाळेत उंदीर फार म्हणून मोठ्या बाईंनी मशीन माझ्या घरी ठेवायला दिलं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी समिती. माझी तयारी पुरी होती. मशीनला कुठलाही आकडा द्यायचा आणि त्यानं त्याचा पाढा म्हणून दाखवायचा, असा चार ओळींचा कार्यक्रम पोरांनी स्वतः रचला होता.

खंडेनवमीला सकाळी मी उठले ती रॉकेलच्या वासानं. वर्कशॉपमध्ये गेले. लेथ चकाकत होता, ड्रिल चकाकत होतं. खाली पाटावर पाना, हातोडी, कॅलिपर ओळीनं मांडलेले, आणि त्या ओळीत अगदी मधोमध, मानाच्या जागी, माझा कॉम्प्युटर. पाच बोटं कुंकवाची, वर झेंडू.

आण्णा नवा सदरा घालून उभे होते. एवढे खूश मी त्यांना लेथचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशीही बघितलं नव्हतं. "शके, बघ. आत किती घान हुती! खडूचा भुगा नुसता. पाच इस्क्रू काढलं, बटनांचं रबर रॉकेलात भिजत घातलं रातभर. ते खालचं पातळ कागदावानी हाय की, ते पन चोळून काढलं. मग दोन-दोन थेंब आईल सोडलं. आता लोन्यावानी चालंल."

मी झेंडू बाजूला केला. रबर फुगलं होतं. चाळीस बटणं पावसात भिजलेल्या चण्यांसारखी टरारून एकमेकांवर चढली होती, आणि खालच्या कागदावरच्या रेघा, ज्यांच्यामुळं बटणाला बटणपण असतं, त्या पुसल्या गेल्या होत्या. माझ्या बापानं ते मशीन पहिल्यांदा मशीन मानलं होतं. त्या मानानंच ते संपलं.

आई नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडं बघून ताट घेऊन परत गेली.

मी मशीन पदरात घेतलं आणि धावत मोठ्या बाईंच्या घरी गेले, दोन गल्ल्या पलीकडं. आण्णा मागून. टीव्हीला जोडलं. पडदा उजळला, खाली नेहमीची ओळ आली. माझा जीव उड्या मारायला लागला. फुगा दाबला. काही नाही. साप दाबला. काही नाही. चाळीसच्या चाळीस दाबली. मशीन जिवंत होतं आणि ठार बहिरं झालं होतं. आण्णांनी पुढं होऊन आपला तो घट्टे पडलेला अंगठा एका बटणावर ठेवला आणि शाफ्ट बसवतात तसा जोर दिला. पडदा तसाच, शांत.

"शकुंतला," मोठ्या बाई हळू म्हणाल्या, "परवा दिवशी साहेब येणार."

"ठाऊक हाय, बाई."

घरी येऊन आण्णांनी मोरीत हात धुतले. मग परत धुतले. पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही, आणि आमच्या घरात पुरणपोळी उरल्याचं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वर्ष. मी कोपऱ्यात बसून रडत होते, आणि रडण्यातही अतिशयोक्ती हा माझा स्वभाव असला तरी त्या दिवशी काही वाढवावं लागलं नाही. मला डोळ्यांपुढं सेहेचाळीस पोरं दिसत होती. त्यांचं पहिल्यांदा कुणी ऐकलं होतं, आणि ते बहिरं झालं होतं.

संध्याकाळी आण्णा समोर येऊन बसले. "बटन दाबलं की आत काय हुतंय?"

"दोन तारा जोडल्या जातात, आण्णा."

"आन सोडलं की?"

"सुटतात."

"एवढंच?" ते म्हणाले, "आन ह्याला एवढं इंग्रजी पुस्तक?" त्यांनी मशीन परत उघडलं. आत दोन पट्ट्या. एकीत पाच तारा, दुसरीत आठ. पाचातली एक आणि आठातली एक जुळली की एक अक्षर. पाच आठे चाळीस. आण्णांना चौथीपलीकडचं गणित येत नव्हतं, पण हे चौथीचंच होतं.

चाळीस बटणं करायला आठ दिवस लागले असते. आण्णांनी ठरवलं, तेरा तारा बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या टोकाला बोटाएवढी पितळी दांडी, धरायला लाकडी मूठ. हाताला हात लावावा तशी दांडीला दांडी लावायची. पितळ घरात होतं. पण दुसरा दिवस दसऱ्याचा. गावभर लोक नवे कपडे घालून सोनं लुटायला निघाले होते आणि आमच्या वर्कशॉपमध्ये आण्णांनी लेथची मूठ धरली. शेजारचे ओतकामवाले बापूकाका दारात येऊन उभे राहिले.

"आण्णा, खुळा झालास काय? आज हत्यार चालवतोस?"

"व्हय."

"उद्या चालव की."

"उद्या चालवून काय करू? पोरीच्या गळ्यात बांधू?"

लेथ सुरू झाला. अख्ख्या गल्लीत तो एकच आवाज. आईनं वर्कशॉपचं दार पुढं ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला आपट्याची पानं तिथंच देत होती. आतून आवाज ऐकून एकदा म्हणाली, "पितळ हाय. लई जपून चाललंय."

दोन हातांनी दोन दांड्या जुळवून मी एक-एक अक्षर काढून बघितलं. पण काही खुणांना दोन बटणं एकदम लागायची, म्हणजे चार हात. गुणाकाराची खूणच तसली. मग मी दुपारी शबानाच्या घरी गेले, तिथून निरोप फिरला, आणि तासाभरात तेरा पोरं सणाचे कपडे घालून वर्कशॉपमध्ये हजर. मोठ्या बाईंचा टीव्ही गोधडीतून आला. पाच पोरं एका बाजूला, आठ समोर, प्रत्येकाच्या हातात एक दांडी.

"बाई," शबाना म्हणाली, "म्हंजे आता आमीच बटनं?"

"व्हय."

"मग आमाला दाबनार कोन?"

कुणीच दाबणार नव्हतं. अक्षराचं नाव पुकारलं की त्या जोडीनं पुढं व्हायचं आणि टेकवायचं. फुगा म्हणजे शबाना आणि रफिक. साप म्हणजे सुनिता आणि बंड्या. पोरांचा हात थरथरला की एकाच्या जागी तीन अक्षरं पडायची. रफिकला शिंक आली आणि पडद्यावर अर्धी ओळ भरली. बंड्या सुनिताच्या दांडीला दांडी लावायला लाजत होता, तिनं त्याला ढोसलं, त्याची दांडी भलत्याच दांडीला लागली आणि चुकीचं अक्षर आलं. दिवेलागणीपर्यंत चार ओळी एकदा, फक्त एकदा, बिनचूक आल्या. आण्णा सगळा वेळ खाली बसून तेरा तारा एकमेकींत गुंतू नयेत म्हणून हातात धरून होते, लगाम धरावेत तसे.

दुसऱ्या दिवशी शाळेत कार्यवाह साहेब, समितीचे दोघे आणि हायस्कूलचे मुख्याध्यापक खुर्च्यांवर. आण्णा दाराशी. पोरांनी चार ओळी घातल्या. एकदा चुकल्या, पुसल्या, परत घातल्या. मला घाम एवढा आला की पुढच्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसली असती. मग साहेबांना विचारलं, कुठलाही आकडा सांगा.

"सतरा," साहेब म्हणाले.

एकाची जोडी पुढं झाली. साताची जोडी पुढं झाली. आणि पडदाभर सतराचा पाढा वरून खाली उतरला, सतरा, चौतीस, एक्कावन्न. मागची तेहेतीस पोरं इतकी ओरडली की पंचगंगेवरचे बगळे उडाले असतील. मी ते बघायला गेले नव्हते.

साहेब हसले नाहीत. उठून तारांजवळ आले. "याची मूळ बटणं कुठं आहेत?"

मी वर्तमानपत्राची पुडी उघडली. आणि जिभेनं लगेच आपलं काम सुरू केलं. "साहेब, सुट्टीत उंदरांनी… म्हणजे आपल्या शाळेत उंदीर इतके, मांजराएवढे…"

"मी धुतलं," दारातून आण्णा म्हणाले. "रॉकेलनं. मी. पोरीला ठाऊकबी न्हवतं. ती झोपल्याली."

साहेब आण्णांकडं वळले. मग चांगल्या शब्दांत म्हणाले, "ठीक आहे. आपण जरा बाहेर थांबा." आण्णा बाहेर गेले, आणि थांबले नाहीत. खिडकीतून मला त्यांचा पांढरा सदरा फाटकाबाहेर पडताना दिसला.

नंतर जे झालं ते पाच मिनिटांत झालं. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, पोरांनी कौतुकाचं केलं, पण ही शाळा आहे, सर्कस नव्हे. महागाची वस्तू ज्यांच्या घरी रॉकेलनं धुतली जाते त्यांच्या हाती ती ठेवता येणार नाही. मी म्हणाले, साहेब, पोरांना येतंय, तुम्ही बघितलंत, सतराचा पाढा तुम्ही सांगितलात. तास ठेवा, माझ्या जागी कुणीही आणा. मी हात जोडले. आयुष्यात मी तेवढं साधं, एकही शब्द न वाढवता, कधी बोलले नाही. ते म्हणाले, हायस्कूलमध्ये मोठी मुलं आहेत, समजूतदार आहेत. तिथल्या मुख्याध्यापकांनी टीव्हीची आणि मशीनची वायर काढली. पडदा काळा झाला, मशीनमधल्या चार ओळी पुसल्या गेल्या. त्यांनी मशीन पिशवीत घातलं, तेरा तारा कात्रीनं कापल्या आणि सगळे गेले. पुढं ऐकलं की ते कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली हरवली.

तेरा पोरं तशीच समोरासमोर उभी होती, हातात तुटक्या तारांच्या दांड्या. कुणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. शेवटी शबानानं विचारलं, "बाई, हात खाली घेऊ का?"

घरी आले तर आण्णा पाटावर बसले होते, ताट वाढलेलं, न जेवता. लेथ बंद. आई चुलीपाशी. मी आत पाऊल ठेवलं आणि त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी तांब्या उचलला, एक घोट घेतला. "लई खूश झालं साहेब. सतराचा पाढा बघून उठून उभं राहिलं." आणखी एक घोट. "बटणं म्हणे पुण्याला मिळत्यात. मशीन दुरुस्तीला पाठवलंय, दिवाळीनंतर परत येणार." मोठा घोट. "तुमच्या दांड्या बघून म्हणाले, हे काम कोल्हापुरातच होऊ शकतं. मला परत बोलावलंय. कायम करणार म्हणे." परत तांब्या तोंडाला.

आण्णांनी आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली.

"खोटं बोलताना तू पानी लई पितीस, शके. लहानपनापास्नं," ते म्हणाले. "ठेव तांब्या. जेव."

मी तांब्या खाली ठेवला. त्यात थेंबही उरला नव्हता.